रविवारचा शेतकरी बाजार: तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या महिन्यात या सदरात शेतकरी आठवडे बाजाराबद्दल थोडंसं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की कुणाला काही विचारायचं असेल तर पाठवा, तर इतकी पत्रं आणि मेसेज आले की हा महिना सगळा त्यातच देतेय. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं, सासर पुण्यातलं, आणि गेली आठ वर्षं दर रविवारी सकाळी मी भावाच्या स्टॉलवर काट्यापाशी उभी असते. बाजार शेतकऱ्यांची कमिटीच चालवते, बावीस स्टॉल आहेत, जागा महापालिकेच्या मोकळ्या मैदानावर. त्यामुळे मी लिहिते ते तिथं उभं राहून बघितलेलं आहे, आणि मी शेतकऱ्याच्या बाजूची आहे हेही आधीच सांगून ठेवते.

ताई, हे खरंच शेतकरी असतात का? आमच्या इथे एक जण मार्केट यार्डातून माल उचलून आणतो आणि 'शेतातून थेट' असा बोर्ड लावून बसतो असं कळलं. ओळखायचं कसं? (सिंहगड रोडवरच्या एका वाचक ताई)

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून यालाच जरा वेळ देते.

असं होतं, हे खरं आहे. 'शेतकरी' या नावाला शहरात आता किंमत आलीये, म्हणून ते नाव लावून बसणारे पण आले. ओळखायला मी काय बघते ते सांगते. पहिलं म्हणजे टेबलावर काय काय आहे. एका घरच्या शेतात एका वेळी चार-पाच, फार तर सहा-सात पिकं निघतात. मेथी, कांदापात, वांगी, थोडे टोमॅटो, गवार, एवढंच. ज्याच्या टेबलावर सफरचंद पण आहे, आलं पण आहे, रंगीत ढोबळी मिरची आणि ब्रोकोली पण आहे आणि बाराही महिने सगळं तसंच आहे, त्याने तो माल कुठून तरी विकत आणलाय. पण थांबा, लगेच भांडायला जाऊ नका. काही स्टॉल गटाचे असतात, म्हणजे एका गावातल्या दहा-बारा शेतकऱ्यांचा किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा माल एका टेबलावर येतो आणि दोघं आळीपाळीने विकायला बसतात, तिथे पंधरा-वीस भाज्या दिसल्या तरी तो प्रकार बरोबरच आहे. विचारलं की सांगतात, ही वांगी अमक्याची, हा कोबी तमक्याचा.

दुसरं म्हणजे मालाचा आकार. यार्डातला माल प्रतवारी होऊन आलेला असतो, एकसारखा. शेतातून थेट तोडून आणलेल्या क्रेटमध्ये लहान-मोठं सगळं एकत्र असतं, काकडी वाकडी असते, मुळ्याला माती असते, मेथीच्या जुडीत एखादी गवताची काडी निघते.

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात खात्रीचं, सरळ विचारा. "दादा, ही मेथी कधी टाकली होती?" शेतकरी असेल तर तो सांगेल की अमक्या अमावस्येच्या आसपास टाकली होती, तीस दिवसांत आली, मध्ये ढगाळ होतं म्हणून जरा उंच वाढली, शेजारच्या वाफ्यातली पुढच्या रविवारी येईल. थांबणारच नाही तो, मागे रांग लागली तरी सांगत बसेल. आणायचाच धंदा असलेला माणूस म्हणेल, "ताजी आहे ताई, घेऊन जा."

आमच्या बाजारात नवीन स्टॉल द्यायच्या आधी कमिटी सातबारा बघते आणि त्यावरची पीक पाहणी बघते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून शेतात उभं राहून फोटोसकट नोंद करतो, त्यामुळे काय लावलंय ते निदान कागदावर दिसतं. पण कागदावर आम्ही थांबत नाही, कमिटीतले दोघं जण गाडी काढून शेतावर जाऊन येतात.

एक प्रसंग सांगते, नाव नाही सांगत. आमच्यातल्याच एकाने एप्रिलमध्ये हिरवा वाटाणा आणला. आता पुरंदरचा वाटाणा हा पावसाळ्यातला, जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरला येतो, एप्रिलच्या उन्हात आमच्याकडे कुठला वाटाणा? सगळ्यांना कळलं. मीटिंगमध्ये विचारलं तर त्याने लपवलं नाही, म्हणाला यार्डातून दोन गोणी घेतल्या. चार रविवार त्याचा स्टॉल बंद ठेवला. पण तो पुढे जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही, तो म्हणाला, "दर रविवारी पंधरा बायका येऊन विचारतात वाटाणा आहे का, नाही म्हटलं की पुढे जातात आणि सोबतची कोथिंबीर पण दुसरीकडून घेतात, मी किती दिवस नाही म्हणू?" ताई, त्याची चूक होतीच, पण एप्रिलमध्ये वाटाणा मागणारे आपणच होतो. सीझन नसलेली भाजी मागायची आपण सोडली तर यार्डातला माल आणून बसायचं निम्मं कारणच संपेल.

मधला दलाल काढून टाकला म्हणता तर मग भाजी स्वस्त पाहिजे ना? मला तर काही गोष्टी मंडईतच स्वस्त मिळतात. मग मंडई असताना हा वेगळा बाजार कशाला? (कोथरूडचे एक काका, निवृत्त)

काका, तुम्ही स्पष्ट विचारलंत ते बरं वाटलं, कारण मनात पुष्कळांच्या असतं.

आधी आकडे सांगते. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांचा २०२४ मध्ये एक पेपर आला, त्यात असा हिशेब आहे की ग्राहक जो एक रुपया देतो त्यातले टोमॅटोत साधारण ३३ पैसे, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे शेतकऱ्याच्या हातात पडतात. बाकीचे दोन तृतीयांश वाहतूक, हमाली, तोलाई, व्यापारी, किरकोळ विक्रेता आणि वाटेत सडणारा माल यात जातात. म्हणून सगळ्यांना वाटतं की थेट विकलं तर तेवढे पैसे वाचले.

पण दलाल गेला तरी त्याचं काम जात नाही ना काका. ते काम आता शेतकऱ्याच्या घरातलं माणूस करतं. भाऊ आणि वहिनी शनिवारी दुपारी चारपासून तोडणी करतात, रात्री जुड्या बांधतात, बॅटरी लावून निवडतात, पहाटे साडेतीनला टेम्पो भरतात आणि दिवे घाट उतरून सहाला मैदानावर पोचतात. टेम्पोचं भाडं, पिशव्या, काटा, चहा, आणि साडेअकराला जे उरतं ते कुणाच्या तरी माथी, म्हणजे आमच्याच. यार्डात पाठवलं असतं तर रात्री गाडीत माल चढवून ते झोपले असते आणि दुसऱ्या दिवशी पट्टी, म्हणजे माल विकून आलेल्या पैशांचा हिशेब, आली असती. पट्टी किती येईल ते मात्र त्यांच्या हातात नसतं, एवढाच फरक, आणि हा फरक फार मोठा आहे. मी लहान होते तेव्हा वडील पट्टी उघडायच्या आधी दोन मिनिटं नुसते बसायचे. कोथिंबिरीच्या चारशे जुड्या पाठवल्या आणि पट्टीत गाडीभाडं जाऊन हातात काही नाही, उलट थोडं देणंच निघालं, असं आमच्या घरात झालेलं आहे.

तसे नियम बदललेत. २०१६ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे माल बाजार समितीतच विकला पाहिजे ही सक्ती गेली आणि आडत, म्हणजे दलालाचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. त्याच वर्षी राज्याच्या पणन मंडळाने (शेतमालाच्या विक्रीचं काम बघणारं सरकारी मंडळ) संत सावता माळींच्या नावाने आठवडे बाजाराचं अभियान सुरू केलं. अरणचे सावता माळी, स्वतः मळा करणारे, त्यांचं नाव दिलं हे मला फार आवडलं होतं.

आता रेट कसे ठरतात ते सांगते. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर दोन आकडे टाकतात, यार्डातला घाऊक रेट आणि शहरातला किरकोळ रेट, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सगळे मिळून एक रेट ठरवतात आणि सकाळी फळ्यावर खडूने लिहितात. त्यामुळे एखाद्या रविवारी मंडईत कोबी आमच्यापेक्षा स्वस्त दिसेल, दिसू शकतो. पण वर्षभराचा हिशेब लावून बघा. २०२३ आठवा. त्या वर्षी उन्हाळ्यात टोमॅटोला तोडणीचा खर्च निघेना म्हणून लोकांनी रस्त्यावर ओतला आणि जुलैमध्ये तोच टोमॅटो शंभराच्या वर गेला. आमच्या फळ्यावर उन्हाळ्यात तो बाहेरपेक्षा दोन-चार रुपयांनी महाग होता आणि आमचे ठरलेले लोक तरी घेऊन गेले, आणि जुलैमध्ये तो बाहेरपेक्षा बराच खाली होता, कारण मीटिंगमध्ये एक वयस्कर शेतकरी म्हणाले की ज्यांनी मे महिन्यात साथ दिली त्यांच्याकडून आता ओरबाडायचं नाही. मी तिथं होते.

आणि मंडईचं म्हणाल तर मंडई माझ्या जिवाभावाची आहे. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं पाट्या घेऊन येऊन बसायची. मग १८८०च्या दशकात रे मार्केटची ही मोठी दगडी इमारत झाली. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेत विरोध केला होता तो जोतीराव फुल्यांनी, त्यांचं म्हणणं होतं की हा पैसा शिक्षणावर लावा, आणि पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. नंतर घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला. शनिवारवाड्यासमोर पाटी घेऊन बसणारी जी बाई होती ना काका, तिला पुन्हा बसायला जागा मिळाली, एवढंच या बाजाराचं काम आहे. मंडईतून घ्यायचं ते तुम्ही जरूर घ्या. पालेभाजी आणि फळभाजी आमच्याकडून घ्या एवढंच म्हणेन.

शेतकऱ्याशी घासाघीस करावी का? माझ्या सासूबाई करतात आणि मला अवघडल्यासारखं होतं. (एरंडवणे)

करू नका. रेट फळ्यावर लिहिलेला असतो आणि तो बावीस जणांनी मिळून ठरवलेला असतो, एकाने कमी केला की बाकीच्या एकवीस जणांशी त्याचं वाकडं येतं. सासूबाईंना सांगा की वरून कढीपत्ता किंवा दोन मिरच्या मागा, ते कुणी नाही म्हणत नाही. आमच्याकडे एक आजी येतात, त्या दर वेळी कढीपत्त्याची एक डहाळी मागून घेतात आणि भाऊ आता ती त्यांच्यासाठी तोडूनच वेगळी ठेवतो, ओल्या फडक्यात. पावसाळ्यात तीन आठवडे त्या आल्या नाहीत तर त्याने मला त्यांच्या घरी चौकशीला पाठवलं होतं.

हां, काट्याबद्दल मात्र संकोच करू नका. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का बघा आणि वजन करताना आकडा शून्यावर आहे ना ते बघा. आमच्या बाजारात प्रवेशापाशी एक वेगळा काटा ठेवलाय, कुणीही आपली पिशवी तिथे टाकून बघावी.

'सेंद्रिय', 'नैसर्गिक', 'विषमुक्त' असे तीन बोर्ड तीन स्टॉलवर होते आणि तिघांचे रेट वेगळे. यातलं खरं काय मानायचं? लहान बाळ आहे घरात. (वारजे, एक आई)

सेंद्रियचं प्रमाणपत्र दोन प्रकारे मिळतं. एक म्हणजे एनपीओपी, केंद्र सरकारचा सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम, यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासते, हे खर्चिक आहे आणि मुख्यतः निर्यातीसाठी घेतात. दुसरं पीजीएस-इंडिया, यात एका भागातल्या शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो, आणि छोट्या शेतकऱ्याला हेच परवडतं. रासायनिक शेतीतून सेंद्रियमध्ये यायला मधे बदलाचा काळ धरावा लागतो, हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांना तीन. त्या काळातल्या मालाला पीजीएस-ग्रीन म्हणतात, पूर्ण झाला की पीजीएस-ऑरगॅनिक. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकत असेल तर सेंद्रिय म्हणायला त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांत तशी सूट आहे. म्हणजे कागद नाही म्हणून तो खोटा असंही नाही, आणि बोर्ड आहे म्हणून खरा असंही नाही. 'नैसर्गिक' आणि 'विषमुक्त' या शब्दांमागे तर कुठला कागद असेलच असं धरून चालू नका.

मग करायचं काय, तर बोर्ड सोडा आणि दोन प्रश्न विचारा. कीड पडली तर काय करता? आणि शेवटची फवारणी कधी केली होती? प्रत्येक औषधाला फवारणी आणि तोडणी यात ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात, ते डब्यावरच्या माहितीत लिहिलेलं असतं. आमच्यातले निम्म्याहून जास्त शेतकरी सेंद्रिय नाहीत आणि ते तसं तोंडावर सांगतात. त्यातले एक दादा फ्लॉवरवर औषध मारावं लागतं हे सांगून वर म्हणतात की बारा दिवस झालेत, आणि मी माझ्या नातवंडाला त्यांचा फ्लॉवर निर्धास्त घालते. जो माणूस फवारलं म्हणून कबूल करतो त्याच्या 'नाही फवारलं'वर पण विश्वास बसतो.

घरी आणल्यावर भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पाण्यात थोडा खायचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवली तरी वरवरचं बरंच जातं. पेशींत शिरलेलं औषध धुऊन जात नाही, म्हणून तर ते दिवसांचं विचारायचं. बाळासाठी सीझनची भाजी घ्या. थंडीत गाजर, पालक, मटार यांच्यावर ओढून-ताणून काही करायची गरज कमी पडते.

रविवारी आणलेली मेथी-कोथिंबीर बुधवारपर्यंत पिवळी पडते. ताजी असूनही? (हडपसर)

पिशवीत तशीच ठेवता का? पालेभाजी धुऊन ठेवू नका, मुळं कापा, जुडीचा दोरा सोडा (हा घट्ट दोराच आतली पानं सडवतो), पंख्याखाली अर्धा तास पसरा आणि सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. कोथिंबीर मुळासकट पेल्यात थोड्या पाण्यात उभी करून वर पिशवी घातली तर आठवडा जाते. टोमॅटो फ्रीजबाहेर. कांदे-बटाटे एका टोपलीत नको. साठवणीचा कांदा भरायचा असेल तर एप्रिल-मेमधला उन्हाळी कांदाच घ्या, तो चार-सहा महिने टिकतो, दिवाळीच्या आसपासचा लाल कांदा लगेच संपवायचा असतो, तो भरलात तर कोंब येऊन सडणार.

ताई नमस्कार. आम्ही वेल्ह्याकडच्या सात-आठ जणी. पावसाळ्यात रानभाज्या गोळा करून पुण्यात आणतो, फुटपाथवर बसतो, उठवतात. तुमच्यासारख्या बाजारात जागा मागितली तर सातबारा आणा म्हणाले. आमच्या कुणाच्याच नावावर जमीन नाही. काय करावं?

हे पत्र मी कमिटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. खूप वेळ कुणी बोललं नाही.

बायांनो, सातबाऱ्याचा नियम आम्ही व्यापारी आत येऊ नयेत म्हणून केला होता आणि त्याने नेमक्या तुम्ही बाहेर राहिलात. शेतात निंदणी, खुरपणी, तोडणी, जुड्या बांधणं, सगळं बायका करतात आणि उताऱ्यावर नाव नवऱ्याचं, सासऱ्याचं नाहीतर दिराचं. माझ्या वहिनीचं पण नाव नव्हतं. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, भावाने मागच्या वर्षी तलाठ्याकडे अर्ज देऊन लावून घेतलं. जिच्या घरची जमीन आहे तिने हे जरूर करावं. पण जिच्या घरात जमीनच नाही तिला याचा काय उपयोग, हे मला कळतं.

तर आमच्यापुरतं असं ठरलंय: बचत गटाच्या नावाने एक स्टॉल द्यायचा, ग्रामपंचायतीचं गावात राहत असल्याचं पत्र चालेल, आणि कमिटीतल्या दोघीजणी एकदा तुमच्यासोबत रानात येतील. जूनपासून दिवाळीपर्यंत जागा तुमची. दुसऱ्या बाजारांच्या कमिट्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही विनंती आहे, हा नियम एकदा तपासून बघा.

एक सूचना करते, राग मानू नका. शहरातल्या बाईला भाजी ओळखू येत नाही म्हणून ती घेत नाही, महाग आहे हे कारण नंतरचं. मी तुमच्यातल्या एकीला बघितलंय, तिने भारंगी हातात धरून सांगितलं की पानं उकडायची, पिळून पाणी टाकायचं म्हणजे कडूपणा जातो, मग कांदा-लसणावर परतायची, आणि ज्या बाईला हे सांगितलं तिने तीन वाटे घेतले. तर प्रत्येक वाट्यावर एक चिठ्ठी ठेवा. टाकळ्याची कोवळीच पानं घ्यायची, कुर्डूचे शेंडे खुडायचे, करटोलीतल्या जून बिया काढायच्या. आणि शेवळं आणलीत तर चिंच, कोकम किंवा काकडं (काकड नावाची रानफळं) घातल्याशिवाय करू नका हे तोंडाने सांगाच सांगा, नाहीतर घशाला अशी खाज सुटते की ती बाई पुन्हा रानभाजीकडे बघायची नाही.

पापड, लोणचं, नाचणीचे लाडू ठेवायचे असतील तर त्याला अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, छोट्या गटाला साधी नोंदणी पुरते, तो फॉर्म ऑनलाईन भरायचा असतो, माझी मुलगी भरून देईल. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेली, तशीच आणलेली ताजी भाजी त्या कायद्यात येत नाही, ते फक्त करून आणलेल्या पदार्थांना.

आमच्या सोसायटीत साडेतीनशे फ्लॅट आहेत, असा बाजार सुरू करायचाय. कुठून सुरुवात करू? (बाणेर)

गुलटेकडीला पणन मंडळाचं ऑफिस आहे, तिथे जाऊन आठवडे बाजाराची माहिती घ्या, शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या तिथूनच कळतील. जागा सोसायटीच्या आत असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव घ्या, बाहेर रस्त्यालगत असेल तर महापालिकेची परवानगी.

पण कागदापेक्षा मला दुसरंच सांगायचंय. बायकांसाठी टॉयलेट उघडं ठेवा. पहाटे तीनला घरून निघालेल्या बाईला दुपारपर्यंत जागा मिळत नाही म्हणून ती पाणीच पीत नाही, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता नवीन बाजाराचं कुणी बोललं की मी पहिल्यांदा हेच विचारते. एका सोसायटीत क्लब हाऊसचं टॉयलेट "फक्त मेंबरसाठी" म्हणून कुलूप लावलेलं होतं आणि बाहेर आमची माणसं त्यांच्याच मेंबरांना भाजी विकत होती. पिण्याचं पाणी, टेम्पो उभा करायला जागा आणि वर सावली, एवढं द्या. भाडं घेऊ नका, घेतलंच तर सफाईपुरतं. वार आणि वेळ ठरली की बदलू नका, गणपतीत नाही, दिवाळीत नाही. आणि पहिल्याच दिवशी पंचवीस स्टॉल बोलावू नका, साडेतीनशे घरांतली शंभर जरी नेमाने आली तरी आठ-दहा स्टॉल पुरेत. त्यात एक तांदळाचा ठेवा, मावळात वडगावच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी, मुळशीचा आंबेमोहर, लोक आधी त्या वासाने थांबतात आणि मग भाजीकडे वळतात.

पावसात बाजार असतो का? (बिबवेवाडी, दोन वेळा येऊन परत गेलो असं लिहिलंय)

असतो. दादा, तुम्ही बहुतेक साडेदहानंतर आला असाल, पावसाळ्यात आम्ही लवकर आवरतो. गेल्या जुलैमधल्या एका रविवारी तर रात्रीपासून झड होती, बावीसपैकी चौदा स्टॉल आले, निळा कागद बांधून बसलो, आणि नऊ वाजेपर्यंत मोजून अकरा गिऱ्हाईकं. त्या दिवशी पालकाच्या दीडशे जुड्या दिवे घाट चढून परत गेल्या आणि म्हशींना घातल्या. त्या आधीच्या रविवारी याच पालकाला रांग होती. पाऊस पडला म्हणून शेतातला पालक वाढायचा थांबत नाही, तोडावाच लागतो.

तर सकाळी साडेसहा ते साडेनऊ या वेळात या, छत्री आणि जाड पिशवी घेऊन या, सुटे पैसे आणा कारण भिजल्यावर क्यूआर कोड स्कॅन होत नाही. येत्या रविवारी वाटाणा सुरू होतोय, आमच्या स्वतःच्या शेतातला, पहिल्या तोड्याचा, फार नाही, पाच-सहा क्रेट असतील.